दोधूआप्पांचा जोत्यालगतचा मळा

शहाद्याच्या नव्या कॉलनीत दोधूआप्पा पाटलांनी घर बांधलं, तेव्हा रंगापासून नळांपर्यंत सगळं बायकोच्या, दगूबाईच्या मनासारखं झालं. आप्पांनी एवढंच मागून घेतलं, की पुढच्या भिंतीलगत, जोत्याला खेटून, तीन हात रुंदीचा पट्टा फरशीविना राहू द्यायचा. शेत थोरल्या नवनीतच्या हाती गेलेलं, आणि तो बापाला बांधावरही टिकू देत नव्हता. "तुम्ही आराम करा" हे त्याचं पालुपद. आप्पांच्या हुकमतीत आता एवढीच जमीन उरली होती.

तिथे दोन मोगरे लावून माणसाने गप्प बसावं की नाही? पण चाळीस वर्षं पपई काढलेला हात तो! आप्पांनी वाफे ओढले, शेतातल्या ठिबकच्या नळ्या आणल्या, मल्चिंगचा कागद अंथरला आणि मोगऱ्याला पपईइतकं पाणी सोडलं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास.

"आप्पा, तोडणी कधी? व्यापारी बलाऊ का?" समोरच्या रंजिताबाईंनी विचारलं.

"अजून बार धरेल नही," आप्पा गंभीरपणे म्हणाले.

एप्रिलात पुढचं दार अडकायला लागलं. सुताराने ते दोनदा रंधलं, दोनदा शिव्या खाल्ल्या. मग खिडकीच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली ती थेट छताच्या दिशेने. रेवजी गवंडी आला. त्याने वाफ्यात सळई खुपसली. ती लोण्यात शिरावी तशी गेली. घराच्या मागे मात्र जमीन इतकी फाटली होती, की भेगेत हात जावा.

"आप्पा, काळी माटी शे. पाणी पिनी का फुगस, सुकनी का आखडस. तुम्ही एकच बाजू फुगाडी ऱ्हायनात. बगीचा काढा, नही ते भिंत जाई."

काळ्या मातीचं हे वागणं आप्पांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण त्यांच्या शेतात मातीवर घर नव्हतं!

त्यांनी कॉक बंद केला आणि दोन दिवस वाफ्याकडे पाठ करून बसले. जेवायला बोलावलं तर "भूक नही." जोत्यापासून लांब जागा होती ती फक्त गेटजवळ, आणि तिथे दगूबाईची गुळगुळीत फरशी. तिच्यावर मिरच्या नि कुरडया वाळायच्या. ती मागायची आप्पांची हिंमत नव्हती.

तिसऱ्या सकाळी दगूबाईनेच पहार आणून पुढ्यात टाकली.

"उठा. गेटजोडेन्या चार फरश्या उखाडा."

"आनि तुन्ह्या मिरच्या?"

"गच्चीवर वाळत घालसू. पन पाणी मी देसू. तुम्हनी तोटीले हात लावाना नही."

पाण्यावर हक्क नसलेला शेतकरी म्हणजे आपल्याच मळ्यातला सालदार गडी, हे आप्पांना कळत होतं. तरी उठले. दुपारपर्यंत फरश्या निघाल्या, झाडं मुळांच्या गोळ्यासकट हलली आणि जुना पट्टा मुरूम ठोकून बाहेरच्या बाजूला उतरता केला. भिंतीची चीर पुढे सरकायची थांबली. पावसाळा गेल्यावर ती बुजवू, असं रेवजी सांगून गेला.

हल्ली आप्पा भल्या सकाळी खुरपं घेऊन गेटजवळ हजर असतात. दगूबाई दोन बादल्या देते. तिसरीसाठी आप्पा हुज्जत घालतात, आणि नेमक्या त्याच वेळेस समोरच्या सगळ्या बायका गॅलऱ्या झाडायला निघतात.