हात खाली ठेव

"हात खाली ठेव, उंटा. रोहन उडी मारेल तेव्हा नुसता उभा राहा."

साहेबांनी हे मला सगळ्यांसमोर सांगितलं. शुक्रवारची संध्याकाळ. त्यांच्या बिल्डिंगचं बास्केटबॉल कोर्ट. कडेला खुर्च्यांवर बर दुबईतले त्यांचे व्यापारी मित्र, हातात गार ज्यूस. सगळे हसले. मीही हसलो. पगार घेणारा माणूस आधी हसतो, मग ऐकतो.

मी त्यांचा ड्रायव्हर. उंची सहा फूट चार इंच. करामा वस्तीत एका खोलीत आम्ही आठजण. वरच्या बंकवर झोपलो की माझे पाय बाहेर लोंबायचे, आणि खालचा मल्याळी त्यांवर टॉवेल वाळत घालायचा. खोटं वाटेल, पण दोन वर्षांत माझ्या अंगाशी कुणाचा संबंध आला तो तेवढाच.

कोर्टाच्या फाटकावर पाटी होती, 'फॅमिली ओन्ली'. मी बॅचलर. बायको सांगलीत असली तरी दुबईत बॅचलर. गाडीची काच खाली करून मी आतला चेंडू आपटल्याचा आवाज ऐकत बसायचो. कॉलेजच्या टीमचा मी कॅप्टन होतो, हे सांगायला कुणी नव्हतं. माझं पुढे काय होईल हे बघायला त्या काळी कोणी आलं नाही. आमच्याकडे प्रोफेशनल म्हणजे डॉक्टर, नाहीतर वकील.

रोहन साहेबांचा मुलगा. अमेरिकेत कॉलेजकडून खेळायचा, सुट्टीला आला होता. तो प्रोफेशनल होऊ शकेल का, हे ठरवायला साहेबांनी एका क्लबचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, कोच बोलावला. पोराला अडवायला उंच माणूस हवा होता. असा मी ती पाटी ओलांडून आत गेलो.

"यल्ला, चला," कोच म्हणाला.

पहिले काही बास्केट मी खांबासारखं उभं राहून दिले. टाळ्या पडल्या. मग रोहन डावीकडून आला, उडाला, आणि माझा हात वर गेला. मी नेला नाही, शपथेवर सांगतो. इतक्या वर्षांनी तो आपला आपण गेला. चेंडू तळव्यावर आदळून थेट ज्यूसच्या ट्रेमध्ये. काय देखणा ब्लॉक होता म्हणून सांगू.

साहेब उठले. कोचला म्हणाले, "डोन्ट काउंट दॅट. ही इज ओन्ली अ ड्रायव्हर."

उंट म्हटल्यावर मी हसलो होतो. हे मात्र आत गेलं. पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत. नाव त्यांनी पुसलेलं. तेही चालवून घेतलं. पण हा हात? तो त्यांच्या व्हिसावर आलेला नव्हता.

त्यानंतरचा प्रत्येक चेंडू मी अडवला. या वेळी हात मीच नेला. रोहन घामाघूम. त्यानं इंग्रजीत विचारलं, मघाशी खोटं खेळत होतास का? हो म्हणालो. तो बराच वेळ बापाकडे बघत राहिला.

कोच साहेबांना म्हणाला, "कॉलेजपुरता चांगला आहे, हबीबी. पुढे नाही." मग त्यानं माझं वय विचारलं. चौतीस, मी म्हणालो. त्यानं शिट्टी खिशात टाकली आणि गेला.

खुर्च्या रिकाम्या झाल्यावर साहेब जवळ आले. "पुढच्या शुक्रवारी दुसरा कोच येतोय. हात खाली राहिले तर नोकरी राहील. नाहीतर व्हिसा खलास."

सांगलीत चार तोंडं माझ्या पगारावर जेवत होती. ती चारही डोळ्यांपुढे आली.

"पासपोर्ट काढून ठेवा, साहेब."

गाडीची किल्ली खुर्चीवर ठेवली आणि करामापर्यंत चालत आलो. बरोबर कोणी नाही. वाटेत दिसेल त्या दुकानाच्या पाटीला उडी मारून हात लावत होतो. लोक बघत होते. बघू देत.

पुढे नोकऱ्या पुष्कळ केल्या. काही याच हातापायी गेल्या. जाऊ देत. उपाशी राहीन, एकटा राहीन. कुणाच्या सांगण्यावरून हा हात खाली येणार नाही.