तोंड कुठं हाय त्याचं?

"तोंड कुठं हाय त्याचं? आधी तोंड बघा, मग हात लावा."

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं, त्यात ती हेच बोलली. दिवस कलला होता. अंगणात ती बाजेवर बसलेली, मी तिच्या पुढं शेताकडं तोंड करून उभा. हातात रिमोट, रिमोटला अडकवलेला मोबाईल, आणि समोर आमच्या हळदीवर घोंगावणारं कॅमेऱ्याचं ड्रोन. थोडं फिरवलं, खाली घेतलं. तिनं बॅटरी काढली, भिंतीला धरत धरत आत गेली, चार्जिंगला लावून आली. म्हणाली, "उद्या वढ्याच्या कडंनं नेऊ. बोरीला बोरं लागली का बघायचं हाय." मी व्हय म्हणलो. भाकरी खाल्ली, झोपलो.

तिचं नाव इथं लिहीत नाही. जन्मभर घेतलं नाही, आता कशाला? तिनंही माझं घेतलं नाही. आमचं सगळं "अवो" आणि "अगं" यावर चाललं.

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. बायको म्हणून तिला ओळखायच्या आधी मी तिला कामाला खमकी बाई म्हणून ओळखलं. हळद काढायला लागली की तिच्या पुढं गडी टिकत नसे. पुढं तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, शेतात जायचं नाही. दोन पावसाळे ती अंगणाच्या पलीकडं गेली नाही. शेत समोरच, पण मधी बाभळीचं कुंपण आणि उतार. बाजेवरून नुसते हळदीचे शेंडे दिसायचे.

मी घरी आलो की विचारायची, "हळद कशी हाय?"

"बरी हाय."

"बरी म्हंजे? बरी तर शेजारीण बी असती. पान कसं हाय ते सांगा."

आता पानाचं काय सांगू? मला तेवढं बोलता येत असतं तर मी पुढारी झालो असतो. मग ती शेंड्यांकडं बघत बसायची. तिला तिचं शेत डोळ्यांनी बघायचं होतं, दुसरं काही नको होतं.

आमचा जावई वसमतला लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्यानं नवं ड्रोन घेतलं आणि जुनं घेऊन आला. म्हणाला, "मामा, तुमी उडवा, मामी मोबाईलात बघतील." दोन घंटे शिकवलं आणि गेला.

आता ज्यांनी हे उडवलं असेल त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगतो. ड्रोनची शेपटी आपल्याकडं असली तोवर सगळं बराबर चालतं. डावीकडं दाबलं की डावीकडं जातं. पण त्याचं तोंड आपल्याकडं झालं की सगळं उलटं. डावं म्हणलं की उजवीकडं पळतं. वर गेल्यावर तर तोंड कोणतं, शेपटी कोणती, काही कळत नाही. नुसता काळा ठिपका.

माझा जन्म बैलाच्या मागं गेला. बैलाचं तोंड कधी माझ्याकडं नसतंच. आणि बैल थांबवायचा तर कासरा मागं ओढायचा, हे हातात बसलेलं. पहिल्या दिवशी ड्रोन आमच्याकडं तोंड करून उभं होतं. जरा हललं, तसा मी घाबरलो आणि रिमोटची दांडी मागं ओढली. "हो, हो" म्हणलो. ते मागं निघालं. त्याचं मागं म्हणजे आमच्यापासून लांब. मी अजून ओढलं, ते अजून लांब. मी कासरा ओढून राहिलो आणि ते लमाणांच्या तांड्याकडं चाललं.

मागून ती ओरडून राहिली, "अवो, सोडा! हात सोडा, थांबतंय ते! जावयानं सांगितलं न्हवं का!"

मी काही सोडलं नाही. बैल उधळल्यावर कासरा कोणी सोडतं का?

घडीभरानं तांड्यावरची एक बाई ओढणीत गुंडाळून ते घेऊन आली. "काकी, तुमचं पाखरू आमच्या शेळीम्होरं येऊन बसलं. शेळी दूध देईना झालीया."

ही बाजेवर हसून हसून आडवी झाली. "पाखरू चांगलं हाय गं," म्हणाली, "हाकणारा येडा हाय."

त्या दिवसापासून तिनं कारभार हातात घेतला. रिमोट माझ्याकडं, अक्कल तिच्याकडं. छपरावर दोरी बांधायला लावली आणि तिचं लाल लुगडं वाळत घालायला लावलं. वरून सगळ्या छपरांचे पत्रे सारखेच चमकतात, आपलं घर कोणतं ते कळत नाही. लाल दिसलं की घर. रिमोटवर एक बटण होतं, ते दाबलं की ड्रोन आपोआप घरी येतं. ते तिला आवडत नसे. "आपलं आपण आणा. ते काय लेकरू हाय, शाळंतनं एकटं याया?"

आणि परत आणताना काय करायचं, तेही तिनंच काढलं. "ते तोंड करून आपल्याकडं यायला लागलं का तुमी त्याच्याकडं पाठ करा. मंग त्याचं डावं ते तुमचं डावं. उगं डोकं चालवू नका, अंग फिरवा."

"आन् दिसंल कसं मला?"

"मी हाय ना बघाया."

तसं आम्ही करायला लागलो. जाताना माझं तोंड शेताकडं, येताना तिच्याकडं. ती ड्रोनकडं बघायची आणि मी तिच्याकडं. बोलायची गरज पडत नसे. तिची मान वर असली म्हणजे ते उंच आहे. नजर एका अंगाला गेली की मी त्या अंगानं सावरून घ्यायचो. हनुवटी खाली यायला लागली की समजायचं, उतरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या तोंडाकडं एवढा वेळ मी कधी बघितलं नव्हतं. कपाळावर एक बारीक गोंदण होतं, ते मला त्या दिवसांत नीट दिसलं.

पहिल्यांदा मोबाईलात शेत दिसलं तेव्हा मला वाटलं रडंल. रडली कुठली! डोळे बारीक करून म्हणाली, "सऱ्या वाकड्या हायेत."

"कुठं वाकड्या?"

"ह्या बघा. जन्मभर गावाला सांगत फिरला, माझ्यासारखा नांगराचा सरळ तास कोणाचा न्हाई. बरं झालं, देवानं वरूनच बघितलं आन् काही बोलला न्हाई."

मग मात्र रिमोट माझ्या हातातून घेतला. मोबाईलासकट मांडीवर ठेवून बघत राहिली. वारा पानांवरून चालत जातो तो वरून दिसतो, पाण्यावर लाट जावी तसा. शेताच्या कडंला वढा, त्याच्या काठाला तिनं लावलेली बोर, मधी एक बगळा पांढऱ्या टाक्यासारखा. मी हात सोडून उभा राहायचो. ते वर थांबून राहायचं. आम्ही दोघं खाली अंगणात आणि आम्हीच वर तरंगून राहिलो, असं वाटायचं. ती हळूच विचारायची, "आता तोंड कुठं हाय त्याचं?" मी म्हणायचो, "उगवतीला." मग तिचं समाधान व्हायचं.

हे विचारणं तिचं जुनंच. जीपमधी बसली की आधी विचारणार, तोंड कोणीकडं हाय. मी चिडून घरी आलो की, "तोंड कुठं हाय आज तुमचं?" वसमतला दवाखान्यात गेली तर खाटेवर बसायच्या आधी नर्सला म्हणाली, "बाई, आमच्या गावाचा, कुरुंद्याचा रस्ता कोणत्या अंगाला?" नर्स हसली. मी नाही हसलो. मला ठाऊक होतं, ते कळल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

तर बोरं बघायचं ठरवून आम्ही झोपलो, आणि सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. लेक-जावई आले, भावकी आली, दुपारी सगळं झालं. चितेवर ठेवताना डोकं कोणीकडं, पाय कोणीकडं, ते माणसांनी रीतीप्रमाणं केलं. मी म्हणलो, "घर कोणत्या अंगाला हाय ते तिला सांगा." कोणी सांगितलं नाही. मग मीच वाकून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उठलो. घरात पाव्हणे झोपलेले. चार्जरवर बॅटरी तशीच होती, भरल्याचे चारही दिवे लागलेले. तिच्या हातानं लावलेली. छपरावरचं लुगडं बायकांनी काढून घडी घालून ठेवलं होतं. ते घेतलं आणि शिडी लावली.

लेक बाहेर आली. "बाबा, मायचं लुगडं काहून वाळू घालून राहिले? कोरडं हाय ते."

"म्हाईत हाय."

ती पुढं झाली. शिडी धरून उभी राहिली आणि मी उतरल्यावर आत गेली.

मी ड्रोन उडवलं. हळदीवरून नेलं, वढ्याच्या कडंनं नेलं. बोरीला बोरं लागली होती. हिरवी, बारीक, पण पुष्कळ. हात सोडून थोडा वेळ त्यांच्यावर थांबलो. मग त्याचं तोंड घराकडं केलं. मोबाईलात पत्रेच पत्रे, आणि मधी लाल. ते यायला लागलं तसं मी त्याच्याकडं पाठ केली.

समोर नुसती बाज. किती उंच आहे, कोणत्या अंगाला सरकलं, सांगायला कोणी नाही. दिवस नुकताच वर आला होता, माझ्या पाठीमागं. बाजेमागच्या भिंतीवर ड्रोनची सावली पडली होती. मी हळूहळू खाली घेतलं. सावली भिंतीवरून उतरली आणि बाजेवर आली, ती बसायची तिथं.

मी दोन्ही हात सोडले.

ते थांबलं.