नाव घेऊन मागितलेलं औषध

क्वामे लाँड्रीच्या फरशीवर पोटाशी पाय घेऊन पडला होता. सिक्युरिटीवाला त्याचे खिसे चाचपत होता.

"मॉर्फिन लागेल, आंटी," क्वामे मला म्हणाला. "सिकल सेल आहे मला."

"औषधाचं नाव घेऊन मागतोय! नशेच्या सवयीचा दिसतोय," सिक्युरिटीवाला म्हणाला.

नव्वदच्या दशकात ऑकलंडच्या एका युनिव्हर्सिटी हॉस्टेलवर मी क्लीनर होते. क्वामे घानाचा, पीएचडी करणारा. सिकल सेल हा रक्ताचा जन्मजात आजार. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसत होतं ते एवढंच, की पोराला श्वास घेता येत नाहीये.

क्लीनरने परस्पर काही करायचं नाही, सुपरवायझरला सांगायचं, असा नियम. मी ब्रेंडाला सांगितलं. परदेशी मुलांसाठी सपोर्ट ऑफिसर होता, तिने त्याला फोन लावला.

"लंचला गेलाय," ती म्हणाली. "येईल. तू तुझे जिने कर, शालिनी."

त्या सपोर्ट ऑफिसच्या पोस्टरवर क्वामेचाच हसरा फोटो होता.

मी मॉप टाकला आणि वरच्या मजल्यावर एस्थरचं दार बडवलं. एस्थर केनियाची, तीही पीएचडीवाली. कॅम्पसवर काळी मुलं मोजकीच. रविवारी एकत्र शिजवायची, एकमेकांची दुखणी सांभाळायची. क्वामेने आजार तोवर फक्त त्यांनाच सांगितला होता. ऑफिसला कळलं तर व्हिसा जाईल, ही भीती.

एस्थर पायातल्या रबरी स्लिपर्सवरच धावली.

"खिशातून हात काढ त्याच्या! आंटी, अँब्युलन्सला वन वन वन लावा."

"फोन ऑफिसचा आहे," ब्रेंडा म्हणाली.

"मग तुम्ही लावा," मी म्हटलं. ती हलेना, तेव्हा मीच लावला.

हॉस्पिटलमध्येही आधी हेच विचारलं, ड्रग्ज कुठले घेतो? एस्थर डॉक्टरसमोरून हलली नाही. "माझा भाऊ आहे. आधी रक्त तपासा, मग मला बाहेर काढा."

रक्त तपासलं. मॉर्फिन दिलं, ऑक्सिजन लावला. आजार छातीत उतरला होता. उशीर झाला असता तर गेला असता, असं डॉक्टरच म्हणाला. माफी कोणी मागितली नाही. मला मात्र काम सोडून गेल्याबद्दल वॉर्निंग मिळाली.

अडचणीत ऑफिस शोधू नये. आपलं दुखणं ज्याला माहीत आहे, त्याचं दार वाजवावं.

आजार आता सगळ्यांना कळला होता. पुढच्या व्हिसाच्या मेडिकलमध्ये क्वामेला नापास केलं. पीएचडी अर्धी टाकून तो घानाला परतला.

पण जगला.