पंचाक्षरीमामाच्या ढाब्याची पाटी

सोलापूरहून हैदराबादला जाताना उमरग्याच्या जरा अलीकडं, डाव्या हाताला आमच्या पंचाक्षरीमामाचा ढाबा आहे. तिथं जेवायला थांबलात तर आधीच सांगून ठेवते: भाकरी मागू नका, भाजी मागू नका, गप्प बसा. पहिल्यांदा पाला येतो. कच्ची मेथी, कांद्याची पात, दिवस असतील तर करडईची कोवळी पानं नाहीतर हरभऱ्याचे शेंडे, वरून शेंगदाण्याचं कूट, कच्चं तेल, मीठ आणि लिंबू. आमच्याकडं याला घोळाणा म्हणतात. तो संपल्याशिवाय मामा पुढचं ताट वाढू देत नाही. एका नव्या ड्रायव्हरनं चिकन मिळेल का म्हणून विचारलं, तर मामा म्हणाला, "मिळंल की, फुडच्या ढाब्यावर." आणि घोळाण्याची वाटी त्याच्यापुढं ठेवून निघून गेला. ड्रायव्हरनं मुकाट्यानं खाल्ली.

मामा तरुणपणी स्वतः ट्रक चालवायचा. लाल तर्रीतली रोटी आणि दिवसभर गोड चहा, यावर गाडी चालली होती. चाळिशीत साखर निघाली. इरम्मामामीनं भाषण दिलं नाही, स्वयंपाक बदलला. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताक आणि रोज हा घोळाणा.

"म्या काय शेळी हाय व्हय?" मामा ताटावर बसला की विचारायचा.

"शेळीला कुठं साखर हुती?" मामी तिथल्या तिथं सुनवायची.

मामाचं पोट उतरलं, साखर उतरली, डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. त्या दिवसापासून हा माणूस पाल्याचा भक्त झाला. ट्रक विकून त्यानं ढाबा टाकला, आणि मागच्या शेतात मामीनं भाज्यांचे वाफे केले. पुढं उमरग्यातल्या कुठल्याशा आरोग्य शिबिरात मामानं 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द ऐकला, आणि तो आपल्याच शेतात पिकल्यासारखा वापरायला लागला. मेथीत अँटिऑक्सिडंट, जांभळात अँटिऑक्सिडंट, शेवग्यात तर विचारूच नका. कुणी म्हणालं, अण्णा, हे असतं तरी काय, की मामा वांगं कापायचा. एका फोडीला लिंबू चोळायचा, दुसरी तशीच ठेवायचा. जेवण होईस्तोवर ती दुसरी काळी पडायची.

"बघितलं का? आपून बी आतून असंच काळं पडतोय. पाल्यातलं अँटिऑक्सिडंट ह्या लिंबावानी हाय. खावा!"

ड्रायव्हर लोक हसायचे, पण खायचे. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण मामाच्या अंगात उत्साह शिरला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यानं पेंटर बोलावून रस्त्यावरून दिसेल अशी पत्र्याची मोठी पाटी रंगवून घेतली: 'पाला खा, गोळ्या विसरा.'

मामीनं पाटी वाचली आणि कमरेवर हात ठेवले. "तुमी इसरलात का वो तुमची?"

"निम्मी गोळी म्हंजे काय गोळी हाय व्हय? बडीशेप हाय ती."

ती बडीशेप मामा रोज दुपारी जेवणाआधी चुलीमागं जाऊन, गिऱ्हाइकांकडं पाठ करून खायचा. कॉलेजला सुट्टी असली की मी गल्ल्यावर बसायचे, त्यामुळं मला ते दिसायचं. मी हसायचे. लोक पाटीसोबत फोटो काढायचे, मामा मिशीवर हात फिरवत मधे उभा राहायचा. त्याची सगळी इज्जत त्या पत्र्यावर टांगलेली होती.

या पाटीचा सगळ्यात पक्का भक्त म्हणजे व्यंकट, हैदराबादला कांदा नेणारा ड्रायव्हर. घोळाण्याची दुसरी वाटी मागणारा ढाब्यावर तो एकटाच. नव्या माणसानं नाक मुरडलं की मामा व्यंकटकडं बोट दाखवायचा. "ह्येला बघा. तोंडावर कसं त्याज हाय!"

मागच्या हिवाळ्यात, भर दुपारी, त्याच व्यंकटच्या हातातून ताकाचा गिलास निसटला. तो उचलायला वाकला आणि बाकावरच कलंडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, शब्द जिभेवरच अडकत होते. कुणी म्हणालं कांदा हुंगवा, कुणी म्हणालं तेल चोळा. मामाच्या वडलांना लकवा मारला तेव्हा घरच्यांनी तेल चोळण्यातच दिवस घालवला होता, आणि ते पुन्हा उठले नाहीत. मामानं हातातला झारा फेकला.

"कुणी कायबी चोळू नगा! गाडी काढा!"

भाजी आणायच्या पिकअपमध्ये आम्ही व्यंकटला झोपवलं. मी मागं त्याचं डोकं मांडीवर धरून बसले आणि मामानं उमरग्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. दवाखान्यात नेमके मामाला गोळ्या देणारेच डॉक्टर होते. वेळेत आणलंत, लगेच सोलापूरला हलवू, म्हणाले. मग बीपी मोजून त्यांनी व्यंकटला विचारलं, "बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना?"

व्यंकटनं नाही म्हणून मान हलवली. मोठ्या कष्टानं म्हणाला, "सोडल्या... अण्णाची... पाटी..."

डॉक्टर मामाकडं वळले. "पंचाक्षरी, तुम्ही सोडलीत का तुमची?"

"न्हाय," मामा म्हणाला. त्याचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

व्यंकटला घेऊन ॲम्ब्युलन्स गेली. तो वाचला, पण उजवा हात लुळा पडल्याचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ढाब्यावर जो तो मामाची समजूत घालत होता. अण्णा, तुमी कुठं त्याला गोळी सोड म्हणलाव? नुसती पाटी तर हाय.

"पाटी कुनाची हाय?" मामानं विचारलं.

मग हा माणूस शिडी घेऊन बाहेर आला. ट्रक उभे होते, लोक बघत होते. त्यानं काळ्या रंगाचा डबा दांडीला अडकवला आणि स्वतःच्या हातानं ती ओळ पुसायला घेतली. पेंटर बोलावू या, मी म्हटलं. "म्या लिवायला लावलं, म्याच पुसणार," तो वरूनच म्हणाला. खाली मामी शिडी धरून उभी होती. रंग वाळल्यावर मामानं पांढऱ्या रंगात नवी ओळ लिहिली: 'पाला खा. गोळी बी खा. गोळीचं डॉक्टरला इचारा.' अक्षरं अगदी कोंबडीनं उकरल्यासारखी.

दुपारी एकानं टोमणा मारलाच. "काय अण्णा, पाला हरला व्हय?"

मामानं वांगं मागवलं. कापलं. एका फोडीला लिंबू लावलं.

"ही फोड काळी पडायची लांबती का न्हाय? पाल्याचं काम तेवढं. म्हणून तर खावा म्हणतोय, रोज खावा. पर किती बी लिंबू चोळलं तरी कापल्यालं वांगं परत झाडाला लागत न्हाय. तिथं डॉक्टर लागतो."

मग भर ढाब्यात, बाकांच्या मधोमध उभं राहून त्यानं खिशातून गोळी काढली, सगळ्यांना दाखवली आणि पाण्याबरोबर गिळली. "ही माझी. रोज खातो. आतापातूर चुलीमागं खात हुतो."

एरवी नाकावर माशी बसू न देणारा माझा मामा. गल्ल्यावर बसल्या बसल्या माझा ऊर भरून आला. साखर उतरवणारे पुष्कळ असतील. आपणच उंच टांगलेली फुशारकी चारचौघांत उतरवणारा मी हा एकच पाहिला, आणि तो माझ्या आईचा भाऊ आहे. त्या दिवसापासून मामा पाल्याची वाटी ठेवताना प्रत्येकाला विचारतो, "गोळी चालू हाय का? घेतली का?" लोक वैतागतात. मामाला त्याचं काही नाही.

जांभळं आली त्या सुमाराला एक एसटी ढाब्यासमोर थांबली आणि व्यंकट बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उतरला. मामाचे हात जागच्या जागी थांबले. तो बाहेर गेला, हात जोडले.

"व्यंकट, माझ्या पाटीपायी..."

व्यंकट मान वर करून पाटी वाचत होता. सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत वाचली.

"अक्षर लई घाण हाय, अण्णा."

आधी त्याची बायको हसली, मग सगळेच. व्यंकट त्याच्या नेहमीच्या बाकावर बसला. बायकोनं पिशवीतून त्याची गोळी काढली, मामानं खिशातून आपली. दोघांनी समोरासमोर बसून पाण्याबरोबर गिळल्या. मामीनं घोळाणा आणला. उजवा हात मांडीवर ठेवून व्यंकट डाव्या हातानं खात होता, थोडा सांडत होता, पण वाटी त्यानं पुसून खाल्ली.

"दुसरी वाटी," तो म्हणाला.

मामा वाटी आणायला चुलीमागं गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही. गोळी तर त्यानं सगळ्यांसमोरच घेतली होती, त्यामुळं तो तिकडं काय करतोय ते ढाब्यावर प्रत्येकाला कळत होतं.