मखमली मुंग्यांची जोडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला गेलो की नुसती किड्यांची गोष्ट वाटते – आणि दोन किड्यांपायी माणूस इतकी वर्षं मनात कुढतो का, असं तुम्हीही म्हणाल.

फाळणीला चार-पाच वर्षं झाली होती. कलकत्त्यात एका संग्रहालयाच्या कीटक विभागात मी नोकरीला होतो. माझ्याकडे मखमली मुंग्या होत्या. नावालाच मुंग्या, जातकुळी गांधीलमाशीची. मादीला पंख नसतात, अंगावर तांबडी-काळी लव, आणि डंख असा की हात दिवसभर ठणकावा. जमिनीत घरं करणाऱ्या माश्यांच्या बिळात ती शिरते आणि त्यांच्या कोषांत अंडी घालते. तिची अळी कोषातल्या जिवावरच वाढते. नर मात्र पंखवाला, आणि दिसायला इतका वेगळा की ही दोघं एकाच जातीची, हे नुसतं बघून कळत नाही. जुळलेली जोडी हाती लागली, तरच खात्री.

असाच एक नर मी नवी जात म्हणून जाहीर केला होता. तिला वडिलांचं नाव दिलं होतं. साताऱ्याला वडिलांनी ते नाव छापलेला कागद देवघरात ठेवला – हे सांगतोय, पण सबब म्हणून नाही. सबब कसली?

आमच्या विभागात हरिपदबाबू होते. पूर्व बंगालातल्या बारिसालहून निर्वासित होऊन आलेले, पन्नाशीचे, तिकडे शाळेत मास्तर. इथे हंगामी कामावर, टाचणीला टोचलेल्या किड्यांखालची बारीक लेबलं लिहायचे. डमडमला त्यांच्या वसाहतीमागे मोकळी जमीन होती. तिथे रविवारी ते तासन्‌तास उकिडवे बसत, बिळांवर नजर ठेवून. एका रविवारी त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत एक जिवंत मादी ठेवली. तिच्या वासाने नर आले, त्यातला एक त्यांनी आत घेतला. सोमवारी त्यांनी माझ्यासमोर डबी उघडली – आत जुळलेली जोडी, तशीच मारलेली.

भिंगाची गरजच नव्हती. नर माझा होता. आणि मादी? तिला माझ्या कितीतरी आधी नाव मिळालेलं. म्हणजे माझी जात ही जातच नव्हती.

हरिपदबाबूंना आनंद झाला होता. दोघांच्या नावाने टिपण लिहू, म्हणाले. मोठ्या साहेबांनी ती जोडी पाहिली असती तर बाबू कायम झाले असते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं – आणि तरीही ते जेवायला गेल्यावर मी चिमटा हातात घेतला. मादी एका पेटीत गेली, नर दुसरीत.

ते परत आले तेव्हा मी सांगितलं की जोडी जुळलेली नव्हतीच, किडे मारायच्या बाटलीत दोघं एकमेकांना चिकटली असतील, हात लावताच सुटली.

त्यांनी रिकामी डबी बंद केली. मग म्हणाले, “तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल, देवधरबाबू. माझी नजर आता भरवशाची राहिली नाही.”

पुढच्या आठवड्यात ते डोळे तपासून आले. त्या जमिनीकडे पुन्हा फिरकले नाहीत.

तीन वर्षांनी परदेशातल्या कुणीतरी तेच सिद्ध करून छापलं. मी दिलेलं नाव खोडलं गेलं. पेटीवरचं नवं लेबल लिहायचं काम आलं ते हरिपदबाबूंकडेच. तेव्हाही ते हंगामीच होते. लेबल वाळेपर्यंत ते माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. जोडी समोर असून आपल्या दोघांचीही नजर चुकली.”

दोघांचीही.

मी “हो” म्हणालो.

आता हरिपदबाबू नाहीत. त्यांची नजर चुकलेली नव्हती. जोडी जुळलेलीच होती – घट्ट जुळलेली. सोडवायला मला दोनदा चिमटा लावावा लागला.