दयेच्या अर्जावर अख्खं गाव

मी आयुष्यात कोर्टासाठी एकच कागद लिहिला. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तुरुंगातून वाचवण्यासाठी तो लिहिला होता आणि त्या कागदामुळेच ते आत जायची वेळ आली होती. घरात हा विषय निघाला की सगळे हसतात आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं उठते. तोंडानं सांगायला मला कधी जमलं नाही, म्हणून वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवते.

गुन्हा माझ्या लग्नातला होता. लढाईचे दिवस होते. भात सरकारात घालावं लागे, साखर आणि रॉकेल कार्डावर मिळे. त्यातच हुकूम निघाला की लग्नकार्यात पन्नासच्या वर माणसं जेवू घालायची नाहीत. आमचं गाव खानापूरपासून दोन कोसांवर. चावडीवर हुकूम वाचला तेव्हा आप्पा तिथंच बसले होते. घरी येऊन आईला म्हणाले, "पन्नास माणसं तर आपल्या भावकीतच हाईत. सरकारला मोजायला चुकलं असंल."

शिवाय तोवर चूलबंद आमंत्रण देऊन झालं होतं. आमच्याकडे आमंत्रणाचे दोन प्रकार. एकात घरटी एक माणूस जेवायला जातो. दुसरं चूलबंद. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. म्हातारी, पोरं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. मी एकुलती लेक, म्हणून आप्पांनी सगळ्या गावाला चूलबंद दिलं होतं. असं आमंत्रण मागं घेतल्याचं आमच्या गावात कोणी ऐकलेलं नाही. घेतलं तर कोणत्या तोंडानं घ्यायचं, हेही कोणाला ठाऊक नाही.

लग्न वैशाखात झालं. भात, आमटी, वांग्याची भाजी आणि गूळ घालून केलेली गव्हाची हुग्गी. तिसरी पंगत बसत असताना सायकलवरून एक गृहस्थ आले. डोक्यावर टोपी, अंगात कोट, घामानं भिजलेले. आप्पांना वाटलं नवऱ्या मुलाकडचे कोणी मानकरी. माझ्या सासरच्यांना वाटलं मुलीकडचे. आप्पांनी स्वतः त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि चांगल्यातला पाट मांडून बसवलं. त्यांनी हुग्गी दोनदा घेतली, तूप मागून घेतलं. जेवताना ते सारखे इकडून तिकडं मान हलवत होते. आप्पा आचाऱ्याला म्हणाले, "बघ, पाव्हण्याला चव लई आवडली." प्रत्यक्षात ते पंगत मोजत होते. हात धुवून पुसले आणि मग त्यांनी खिशातून वही काढली. ते पुरवठा खात्याचे अंमलदार होते.

त्यांनी मोजली ती तिसरी पंगत. चौऱ्याऐंशी माणसं. पहिल्या दोन जेवून विडा खात बसल्या होत्या आणि चौथी पाय धूत होती, पण तो आकडा त्यांच्या वहीत आला नाही. खटला चौऱ्याऐंशी माणसांचाच झाला.

मी पिरनवाडीला सासरी नांदायला गेले. सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, पण बोलल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. "जेवाय घातलं न्हाय म्हणून भांडणं झाल्याली लई बघितली," त्या शेजारणींना सांगत, "जेवाय घातलं म्हणून पोलीस आल्यालं आमच्या व्याह्याच्याच दारात." मी भाकरी थापत राही.

पहिल्या पंचमीला माहेरी आले तेव्हा आई आप्पांचं कांबळं वाळत घालत होती. श्रावणात कांबळं कशाला धुतलं म्हणून विचारलं तर ती रडायलाच लागली. आप्पांनी कोर्टात गुन्हा कबूल केला होता. शिक्षा आठ दिवसांनी सांगणार होते. शेजारच्या गावातल्या एका माणसाला अशाच गुन्ह्यासाठी महिनाभर तुरुंगात घातलं होतं. आप्पांना दमा. पावसाळ्यात घरी चुलीजवळ झोपूनही त्यांना श्वास पुरत नसे. तुरुंगाच्या फरशीवर ते महिना काढतील असं आईला वाटत नव्हतं. खरं म्हणजे मलाही वाटत नव्हतं.

आप्पांच्या वकिलांनी एक वाट सांगितली होती. दयेचा अर्ज द्यायचा. पहिलाच गुन्हा, आजारी माणूस, एकुलत्या लेकीचं लग्न, एवढं लिहायचं आणि खाली पाच-दहा भल्या माणसांच्या सह्या. "मी लिहिला तर साहेब माझा अर्ज लांबून ओळखतात," वकील म्हणाले होते. "घरच्या कोणी साध्या भाषेत लिहू दे."

गावात लिहिता येणारी माणसं मोजकीच. मास्तर सरकारी नोकर आणि लग्नात जेवलेले, त्यामुळे त्यांना त्या आठवड्यात ताप आला. तलाठ्यांचंही तसंच. आप्पा म्हणाले, "आमची लेक चौथी पास हाय. ती लिव्हंल."

मी उंबऱ्याच्या आत, दाराआड बसले. आप्पा आणि चार माणसं बाहेर सोप्यावर. शाळेत मला पत्राचा एकच मायना शिकवला होता, वडिलांना लिहायचा. मी तोच घातला. "तीर्थरूप मॅजिस्ट्रेटसाहेब यांचे चरणी बालकाचे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम असून आपली खुशाली कळवावी." बाहेर वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं चांगलं लिहिलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

पुढं लिहिलं की आप्पांचा गुन्हा कबूल आहे, पण त्यांनी दारातून कोणाला उपाशी पाठवलेलं नाही. त्यांना दमा आहे. मी एकटीच मुलगी आहे, त्यामुळे हा गुन्हा परत होण्याची भीती नाही.

मग सह्यांचा प्रश्न आला. पाच-दहा भली माणसं कोणती? आप्पांनी पाच नावं घेतली आणि थांबले. सहाव्याला वगळलं तर तो उद्या विचारणार, मी भला नव्हं काय? आप्पांनी थोडा वेळ डोकं खाजवलं, काठी घेतली आणि जसं लग्नाचं सांगायला गेले होते तसेच घरोघर सांगून आले. सगळ्यांनी यायचं. म्हातारी माणसं मागं ठेवायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून सोपा भरला. काजळ तेलात कालवून एका ताटलीत ठेवलं होतं. जो तो अंगठा बुडवी आणि कागदावर ठेवी. कागद संपला की आई भाताच्या खळीनं दुसरा चिकटवून देई. शेजारच्या काकूंनी अंगठा दिला आणि हात तसाच वर धरून म्हणाल्या, "नुस्ता अंगठा बघून साहेबाला काय कळणार गं? लिव्ह की, ही पयल्या पंगतीला जेवली, हुग्गी झकास हुती."

ते सगळ्यांना पटलं. मी प्रत्येक अंगठ्यापाशी पंगत लिहू लागले. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "आमटी तिखट हुती, त्ये बी लिव्ह."

आप्पा बाहेरून म्हणाले, "आज कशाला काढतोस ते?"

"कोर्टाचा कागद हाय, आप्पा. खोटं कसं लिव्हायचं?"

मी "आमटी किंचित तिखट" असं लिहिलं.

संध्याकाळ होत आली तेव्हा माझ्या मनात काहीतरी खुपायला लागलं. बाहेर पुरुष बसलेले, त्यांच्यासमोर बोलायचं धाडस नव्हतं. मी आईच्या कानाशी लागले. "आई, खटला चौऱ्याऐंशी माणसांचा हाय न्हवं? ह्ये तर लई झालं."

आईनं खळीचा हात पदराला पुसला. "मग चांगलंच की. त्येंच्याकडं चौऱ्याऐंशी, आपल्याकडं अख्खं गाव."

मी टाक पुन्हा दौतीत बुडवला. शेवटी, कोणी राहिलं तर नाही ना म्हणून आठवताना, मी तळाला आणखी एक ओळ लिहिली. "रेशनचे साहेबही आमच्यात जेवले. त्यांनी हुग्गी दोनदा घेतली. त्यांचा अंगठा मिळू शकला नाही. लोभ असावा ही विनंती."

शिक्षेच्या दिवशी आई, आप्पा आणि मी बैलगाडीनं खानापूरला गेलो. आप्पांना तिथूनच नेतील म्हणून आईनं कांबळं घेतलं होतं आणि आठ दिवस पुरतील एवढ्या भाकऱ्या बांधल्या होत्या. ओढ्याला पाणी आलेलं, त्यामुळे उशीर झाला. वकील आम्हाला दारातून आत ओढत म्हणाले, "पुकारा झाला, आत चला. अर्ज आणलाय ना?" आप्पांनी जुन्या धोतरात बांधून आणलेली गुंडाळी काढली. वकिलांना वाटलं चटई आहे. ते विचारणार तोवर आप्पांनी ती दोन्ही हातांनी थेट मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं ठेवली.

साहेबांनी ती उलगडायला घेतली. टेबल संपलं तरी कागद संपेना. शिपायानं दुसरं टोक धरलं आणि तो मागं मागं सरकत दारापर्यंत गेला. साहेबांनी चष्मा लावला आणि वाचू लागले. "तीर्थरूप" पाशी थांबून त्यांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पा त्यांच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे दिसत होते. पुढं वाचत ते अंगठ्यांपर्यंत आले, मग उठले आणि कागदाच्या कडेकडेनं चालत वाचू लागले. वकिलांनी दोन अंगठ्यांपाशी वाचलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"कारकून, मोजा," साहेब म्हणाले.

कारकुनानं पेन्सिल टेकवत मोजलं. तीनशे अकरा.

"खटला चौऱ्याऐंशींचा आहे," साहेब म्हणाले.

"व्हय जी," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ह्ये सगळे आमच्या बाजूनं हाईत."

"हा अर्ज कोणी लिहिला?"

"आमच्या लेकीनं. चौथी पास हाय."

मला उभं राहावं लागलं. मी खांबाला धरलं. कोर्टातली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती, आणि मी जमिनीकडं.

"मुली, ही सगळी माणसं लग्नात जेवली, हे खरं?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण माझंच अक्षर दारापर्यंत पसरलं होतं. "व्हय जी," मी म्हटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण शाळेत अर्धं उत्तर दिलं की छडी बसे, त्यामुळे पुढचंही तोंडातून गेलं. "सासरची माणसं ह्यात न्हाईत. आणि खालच्या आळीतले थोडे राहिले. काजळ संपलं."

वकील भिंतीकडूनच म्हणाले, "साहेब, मुलगी लहान आहे."

साहेब तोवर शेवटच्या ओळीपर्यंत गेले होते. ती त्यांनी मोठ्यानं वाचली. मग कोपऱ्यात बसलेल्या अंमलदारांकडं वळले. "हे बरोबर आहे?"

अंमलदार उभे राहिले. "जेवलो, साहेब. हुग्गीचं नीट आठवत नाही."

"दोनदा," आप्पांनी आठवण करून दिली. "आणि तूप."

"पंचनामा करायला गेला होता ना? मग जेवलात कसे?"

"फार आग्रह झाला, साहेब."

"चौऱ्याऐंशींत स्वतःला धरलं होतं का?"

"नाही, साहेब."

"म्हणजे पंच्याऐंशी," साहेब म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. त्यांनी रुमालानं बराच वेळ तोंड पुसलं. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या रुतल्या. बाकावर तिच्या शेजारी कांबळ्याची घडी होती.

साहेब सावकाश बोलले. म्हणाले, "दया मागताना गुन्हा चौपट करून देणारा आरोपी माझ्यापुढं आजवर आला नव्हता. लपवायचं असतं तर यानं हा कागद आणला नसता. सरकार म्हणतं पन्नासच्या वर माणूस नको. या माणसाला कुणाला वगळताच येत नाही. ते अर्जातसुद्धा जमलेलं नाही." मग आवाज कडक करून आप्पांना म्हणाले, "पण धान्य सगळ्यांना पुरवायचं आहे. पुन्हा असं झालं तर सरळ तुरुंग. कळलं?"

"आता लेक उरली न्हाय साहेब," आप्पा म्हणाले. "एकच हुती."

शिक्षा झाली ती थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. आईला कैद हा एकच शब्द कळला आणि ती कांबळं उचलून आप्पांकडं निघाली. वकिलांनी तिला थांबवून समजावलं, की कोर्टाचं काम संपेपर्यंत यांनी इथंच बाकावर बसायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. आई तिथंच खाली बसली. मग कांबळ्यात तोंड घालून रडली आणि लगेच हसली, आणि मला म्हणाली, "तुझं अक्षर चांगलं हाय गं."

दुपारी साहेब जेवायला उठले, वकीलही गेले. आप्पांना बाक सोडायचा नव्हता, म्हणून आईनं तिथंच गाठोडं सोडलं. आठ दिवसांच्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि कांदे. आप्पांनी भाकरी हातात घेतली, पण तोंडाकडं नेईनात. शिपाई दाराशी उभा होता. पहाऱ्याचा पोलीस भिंतीला टेकला होता. कारकून आमचा अर्ज गुंडाळायचा प्रयत्न करत होता आणि अंमलदार व्हरांड्यात सायकलीपाशी रेंगाळत होते, कारण बाहेर पाऊस कोसळत होता. आप्पा एकेकाकडं बघत गेले. त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता. मी आईकडं पाहिलं, आईनं कपाळाला हात लावला.

"या की सगळे," आप्पा म्हणाले.

पोलीस आधी साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघायला लागला, मग अंमलदारांकडं.

आप्पांनी बोट फिरवून सगळ्यांना मोजलं. आईला मोजलं, मला मोजलं, शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"सातच हाईत," ते अंमलदारांना म्हणाले. "तुमास्नी धरून. या पाव्हणं, बसा."