डाव्या चाकाचा आवाज

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळी गल्ली 'तेलपाणी' म्हणते. तोंडावर नाही, तोंडावर 'काका'. मी वयाने त्यांच्याएवढीच, म्हणून मी त्यांना 'भाऊ' म्हणते. ते मला 'बाई' म्हणतात, कारण मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि शिकवणाऱ्या बाईचं पुढे आयुष्यभर दुसरं काही होत नाही. 'तेलपाणी' हे नाव मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने कमावलंय. समोर कुणी आलं की कसे आहात, बरे आहात ना, असलं काही नाही. "पंख्याला तेलपाणी केलंत का?" हा पहिला प्रश्न. माझ्या बहिणीच्या यजमानांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हे भेटायला गेले आणि त्यांच्या चाकाच्या खुर्चीला तेल घालून परत आले. गुडघ्याबद्दल चकार शब्द नाही.

नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात केली. तिथे सहा पंप होते, चार कामाचे आणि दोन राखीव. राखीव पंप आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवायचा, नाहीतर तो ऐन गरजेच्या वेळी जाम होतो, असा तिथला नियम. नोकरी संपली आणि हा नियम भाऊंबरोबर घरी राहायला आला. रविवारी सकाळी आठच्या ठोक्याला वर सुरुवात होते. मिक्सर रिकामाच गरगरतो. कपडे धुण्याचं मशीन नुसत्या पाण्यावर फिरतं. पाहुण्यांसाठी ठेवलेला दुसरा फ्रिज चालू होतो, भर उन्हाळ्यात हीटर लागतो, आणि शेवटी वहिनींचं शिलाई मशीन दोरा न ओवता खडखडत राहतं. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. लेक लग्न करून विमानाने तीन तासांवरच्या शहरात गेली, त्याला दहा. घरात माणूस एक आणि चालू स्थितीतली यंत्रं बावीस. मी मोजलीत.

यंत्रांचा म्होरक्या म्हणजे ती गाडी. एसयूव्ही म्हणतात तसली, सात जणांची, डिझेलवर चालणारी, अठरा वर्षांची. घेतली तेव्हा घरात भाऊंचे आईवडील होते, वहिनींची धाकटी बहीण शिकायला होती, आणि गाडी भरून माणसं जायची. आता भाऊ एकटे पुढे बसतात आणि उरलेल्या सहा सीटा दर रविवारी पुसतात. गाडीचं तोंड नेमकं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. सकाळी इंजिन सुरू झालं की धूर आधी माझ्या चहात. मी वीस वेळा भांडले. दर वेळी ते मान खाली घालून ऐकून घेतात, गाडी हातभर मागे लावतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. त्यांचं म्हणणं, तिथे सावली असते. बरोबर आहे, माझ्या घराची!

आता या माणसाची एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. हे घरात मुके असतात. वहिनी म्हणायच्या, "यांच्याशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की मी साखर संपली म्हणून सांगते. गाडीत बसलो की बोलतात." स्टिअरिंग हातात आणि नजर रस्त्यावर असली, समोरच्याच्या तोंडाकडे बघायची गरज नसली, की भाऊंचं तोंड उघडतं. लेकीच्या लग्नाला होकार त्यांनी गाडीत दिला. डॉक्टरांनी वहिनींच्या आजाराचं सांगितलं तेही त्यांनी वहिनींना गाडीत सांगितलं, एका लांबलचक पुलावर. पूल संपेपर्यंत सगळं सांगून झालं होतं म्हणे.

माझ्या मोतीबिंदूच्या तपासणीला तेच मला घेऊन गेले. येताना सिग्नलला थांबलो असताना काचेकडे बघत म्हणाले, "बाई, मला आता एकट्याने करमत नाही."

 

"लेक येतेय पुढच्या बुधवारी. ऑफिसचं काम आहे, त्यातून पाचेक तास काढणार आहे. मी तिला आणायला जाईन आणि सोडायला जाईन. सोडायला जाताना विचारीन म्हणतो."

"काय विचाराल?"

"तुझ्याकडे राहायला येऊ का, म्हणून." हिरवा दिवा लागला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी हे गिअर टाकीनात. "हे बापाने विचारायचं म्हणजे जीभ उचलत नाही हो. पण विमानतळापर्यंत तासभर मिळतो."

मी म्हटलं, "विचारा की. लेकच आहे." आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. त्यांच्याकडे का बघवेना, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी सहाला खिडकीखाली खणखण ऐकू आली. बघते तर गाडी जॅकवर, पुढचं डावं चाक काढलेलं, आणि भाऊंचे दोन पाय तेवढे बाहेर.

"अहो भाऊ, तुम्हाला नऊला निघायचंय ना?"

"पंचेचाळीस मिनिटांचं काम आहे." आवाज गाडीच्या पोटातून आला.

त्या डाव्या चाकातून खड्ड्यावर 'टक' असा आवाज यायचा. दोन महिने यायचा. त्याने गाडीचं काही अडत नव्हतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मग आजच का? तर मागच्या खेपेला लेक गाडीत बसल्या बसल्या म्हणाली होती, "बाबा, हे काय वाजतंय?" आणि विमानतळ येईपर्यंत दोघं त्या आवाजावरच बोलले. बेअरिंग असेल, बुश असेल, मेकॅनिकला दाखवा, मेकॅनिकला काय कळतंय. आज आवाजाने मध्ये तोंड घालू नये म्हणून हा शहाणा माणूस चाक उघडून बसला होता. तीस वर्षं पंप सांभाळणाऱ्याला ऐन दिवशी चालतं यंत्र उघडू नये हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण बोलायची धास्ती होती ना! हात कामात असले की धास्ती कमी वाटते, एवढंच.

चाक जिथे जोडलेलं असतं तिथला सांधा झिजला होता. नवा सांधा त्यांच्याकडे दोन वर्षांपासून कागदात गुंडाळून तयार. पण जुना सोडवताना अठरा वर्षांचा गंजलेला बोल्ट आतच तुटला. आता तुकडा ड्रिलने पोखरून काढल्याशिवाय नवा बसेना, आणि नवा बसल्याशिवाय गाडी जागची हलेना. साडेआठला ते खिडकीशी आले. कपाळावर ग्रीस, डोळे लहान मुलासारखे भांबावलेले. "बाई, तिला फोन करून टॅक्सीने यायला सांगता का? माझे हात खराब आहेत."

हात धुता आले असते. पण विमान उतरायच्या वेळी मीच फोन केला.

लेक साडेदहाला आली. वहिनींसारखीच उंच, चालणं मात्र बापाचं, जमिनीकडे बघत. बाप गाडीखालून अर्धा बाहेर आला, वाकलेल्या तिच्या डोक्याला कोपराने शिवला आणि म्हणाला, "एकोणीसचा पाना दे." तिने पर्स माझ्या खिडकीत ठेवली आणि चाकाशेजारी स्टूल ओढून बसली. कुठला पाना कुठल्या कप्प्यात असतो हे तिला अजून पाठ होतं. मी खिडकीतून ऐकत होते. सतराचा दे. बारा-तेरा दे. टॉर्च जरा वर. कशी आहेस? बरी आहे. तुम्ही? मजेत. हातोडी दे.

भाऊंचं लक्ष घड्याळाकडे होतं. दर दहा मिनिटांनी "झालंच, जाताना मीच सोडतो तुला," म्हणत होते आणि आत ड्रिल घसरत होतं. साडेबाराला तिने जेवायला वर बोलावलं. "तू जेवून घे, मी हे एवढं करून येतो." ती एकटी जेवली. मग दोघांचे चहाचे कप घेऊन खाली आली. बापाचा कप गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि स्वतःचा घेऊन माझ्याकडे स्वयंपाकघरात बसली.

"मावशी, तुम्हाला एक विचारू?"

"विचार की."

"मी बाबांना न्यायला आले होते." तिने कपात बघत सांगितलं. "नवं घर घेतलंय ना आम्ही, त्यात त्यांच्यासाठी खोली ठेवलीय. हेसुद्धा म्हणाले, घेऊनच ये. म्हटलं, समोरासमोर बोलावं, फोनवर ते हो-नाही काही बोलतच नाहीत." खिडकीतून तिने गाडीखालच्या पायांकडे बघितलं. "पण सकाळपासून बघतेय. पाच तास मिळाले आणि तेही गाडीखाली. रमलेत हो ते. आमच्याकडे अकराव्या मजल्यावर ते काय करतील? एक स्क्रूसुद्धा फिरवायला नाही. मी विचारलं तर माझं मन राखायला हो म्हणतील आणि तिथे झुरतील. तुम्ही रोज बघता त्यांना. तुम्हाला काय वाटतं? विचारू का?"

मला फक्त एक शब्द बोलायचा होता. 'विचार.' बास. त्यांनी मला सिग्नलवर काय सांगितलं ते फोडायचीही गरज नव्हती.

मी म्हटलं, "त्यांचं इथे छान चाललंय गं. यंत्रांत जीव आहे त्यांचा. उगाच कशाला?"

हे मी का म्हटलं ते मला नीट माहीत आहे, आणि इथे आडपडदा ठेवायचा नाही. माझा नळ, माझा गिझर तेच दुरुस्त करतात, पण ते निमित्त झालं. गल्लीच्या तोंडाशी प्लंबर आहे. मला वरची पावलं हवी होती. मी लग्न केलं नाही, मला कुणी न्यायला येणार नाही. रविवारी आठ वाजता डोक्यावर ते बिनदोऱ्याचं मशीन खडखडतं तेव्हा मी तोंडाने शिव्या घालते आणि मनातून सुटकेचा श्वास सोडते, की वर माणूस आहे. तो आवाज गेला तर माझ्या घरात घड्याळाशिवाय काही उरत नाही. तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं. माझी वेळ आली तेव्हा पापणी लवली नाही.

"मला पण तसंच वाटलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलका झाला होता. निर्णय दुसऱ्याने घेतला की होतो तसा. "बरं झालं तुम्हाला विचारलं."

तीनला टॅक्सी आली. भाऊ उभे राहिले, हात मागे धरून, म्हणजे तिच्या कपड्यांना ग्रीस लागू नये. तिने त्यांना तशीच मिठी मारली. ते तिच्या खांद्यावरून टॅक्सीच्या टायरकडे बघत म्हणाले, "याच्या पुढच्या टायरमध्ये हवा कमी आहे, ड्रायव्हरला सांग." टॅक्सी वळली. ते पुन्हा गाडीखाली गेले.

चारला गाडी झाली.

"बसता का, बाई? एक फेरी मारून बघू."

मी बसले. रस्त्यावर आमच्या गल्लीतले सगळे खड्डे त्यांनी मुद्दाम शोधून घेतले. कसलाही आवाज नाही. गाडी अशी शांत मी कधी पाहिली नव्हती, आणि मला ती शांतता नको होती, कारण आता हा माणूस बोलणार हे मला कळत होतं.

"राहिलं विचारायचं," ते म्हणाले. मोठ्या रस्त्याला लागलो होतो. "फोनवर मला जमायचं नाही." त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "तुमच्याकडे बसली होती बराच वेळ. माझ्याबद्दल काही म्हणाली का? घेऊन जाण्याबद्दल वगैरे?"

अजून वेळ गेली नव्हती. तिचं विमान सुटलंही नसेल. फोन माझ्या मांडीवर होता.

"नाही," मी म्हटलं. "घाईत होती. कामाचंच बोलत होती."

त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा. पंपाचा आकडा बघून नोंद केल्यासारखी.

"मग बरं झालं नाही विचारलं ते. पोर अडचणीत आली असती. नाही म्हणता आलं नसतं तिला." त्यांनी इंडिकेटर लावला, मागे कुणी नसताना आरशात बघितलं आणि गाडी घराकडे वळवली. "तुमच्या गिझरचं उद्या सकाळी बघतो. गरम व्हायला फार वेळ घेतोय म्हणालात ना?"

मी म्हटलं, "या. मी घरीच आहे."